लग्नाचें कर्ज

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या कोणा अनुभवी पुरुषानें प्रथम उच्चारिली असेल, त्याच्या डोक्यावर लग्नाचें कर्ज निःसंशय असलें पाहिजे. आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत मुलीच्या लग्नासाठीं घराचा कागद सावकाराकडे ठेवणें, पाटल्या मोडणें, प्रॉव्हिडंट फंडांतून उचल घेणें, या गोष्टी मागल्या चारपांच पिढ्यांनीं पाहिल्या आहेत. त्या कर्जापायीं कित्येकांच्या जिवाला घोर लागला, कित्येकांनीं वर्षानुवर्षें काटकसरीनें दिवस काढले. तथापि कर्ज फिटेपर्यंत घरच्या सुनेनें कोणाची चाकरी करावी हें ठरविण्याचा अधिकार सावकारास मिळाला, असें आपल्यांपैकीं कोणाच्या घरीं घडल्याचें ऐकिवांत नाहीं. लग्नाच्या कर्जानें नवराबायको दोघेंही बांधलीं जातात, ही गोष्ट आम्हांस प्रथम कळली ती शिक्षकाच्या नोकरीनिमित्त डहाणू तालुक्यांत आल्यावर.

ज्यांनीं हा मुलूख आगगाडीच्या खिडकींतून पाहिला असेल, त्यांस त्याची अर्धीच ओळख झाली असें समजावें. समुद्राच्या अंगास चिकूच्या वाड्या, ताडांच्या रांगा आणि बोर्डीचा रमणीय किनारा. रुळांच्या पूर्वेस मात्र डोंगर, गवताचीं कुरणें, भातखाचरें आणि वारली व इतर आदिवासींचे विखुरलेले पाडे. १ ऑगस्ट २०१४ पासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यांत मोडतो. तत्पूर्वीं तो ठाणें जिल्ह्यांत होता. तळासरीचा भाग पूर्वीं उंबरगांव तालुक्यांत असे. १९६० सालीं राज्यांची वांटणी झाली तेव्हां उंबरगांव गुजराथेकडे गेलें आणि तळासरी महाराष्ट्रांत राहिली.

स्वातंत्र्यापूर्वीं येथील जमीन बहुतेक बड्या जमीनदारांच्या हातीं गेलेली होती. त्यांत हिंदु होते, पारशी होते, मुसलमानही होते. जुलुमास धर्मभेद ठाऊक नव्हता. वारल्यास लग्न करावयाचें म्हणजे देज, लुगडीं, पाहुण्यांचें जेवणखाण इतका तरी खर्च आलाच. तेवढ्यासाठीं तो जमीनदाराच्या दारीं जाई, कागदावर अंगठा उठवी आणि पैसे फिटेपर्यंत त्याच्या घरीं राबण्याचें कबूल करी. हिशेब धन्याच्या वहींत, आणि मजुरी म्हणजे पोटापुरतें धान्य. तेव्हां कर्ज फिटण्याचा दिवस उगवतच नसे. अशा मनुष्यास ‘लग्नगडी’ म्हणत. सिमिंग्टन नांवाच्या एका सनदी अधिकाऱ्यानें मुंबई सरकारच्या आज्ञेवरून आदिवासी भागाची चौकशी केली. तिचा अहवाल १९३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला, आणि त्यांत येथील वेठीचें व कर्जबाजारीपणाचें चित्र सरकारी भाषेंत का होईना, उमटलेलें आहे.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. समास दिसला कीं त्याचा विग्रह केल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. लग्नासाठीं झालेला गडी तो लग्नगडी. शब्द पुल्लिंगी आणि एकवचनी. परंतु बांधलीं जात तीं माणसें दोन. ज्या स्त्रीशीं लग्न करण्यासाठीं तें कर्ज काढलेलें असे, तीही त्याच दिवसापासून धन्याच्या गोठ्यांत, खळ्यावर आणि जात्यावर रुजू होई. तिनें पैसे घेतलेले नसत, अंगठा उठविलेला नसे, तिला कोणी विचारलेलें नसे; म्हणूनच कीं काय, तिच्या दास्यास भाषेनें नांवसुद्धां दिलें नाहीं. याच्या उलट आपला ‘दंपती’ हा शब्द पाहावा. वैदिक भाषेंत ‘दम’ म्हणजे घर, आणि त्या घराचे दोघे धनी ते दंपती. नवराबायको या अर्थीं तो द्विवचनांतच चालतो. एका शब्दांत दोघांचें स्वामित्व, आणि दुसऱ्या शब्दांत एकाचें नांव घेऊन दोघांचें दास्य!

खुद्द वारल्यांच्या चालीरीतींत स्त्रीचें स्थान असें हीन मुळींच नाहीं. त्यांच्या लग्नाचें पौरोहित्य धवलेरी करिते, आणि धवलेरी ही स्त्री असते. तिनें गाणीं म्हटल्यावांचून लग्न लागत नाहीं. भिंतीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकांत मध्यभागीं जी देवता लिहावयाची, ती पालघाटही देवीच. ज्या लग्नाचे सर्व विधि स्त्रियांच्या हातीं, त्याच लग्नाचा कागद मात्र धन्याच्या पेटींत पडून राही, आणि सर्व विधींपेक्षां तो कागद बलवत्तर ठरे.

आम्ही नोकरीस लागलों तेव्हां ही पद्धति संपून पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. परंतु तींतून गेलेलीं माणसें हयात होतीं. आमच्या वर्गांतील एका वारली मुलाची आजी गवताचा भारा उतरून शाळेच्या ओट्यावर घटकाभर विसावत असे. तिचें लग्न महायुद्धाच्या आरंभीं झालेलें. नवऱ्यानें किती रुपये घेतले हें तिला अखेरपर्यंत कळलें नाहीं. पहिलें मूल झालें तेव्हां पुरते दहा दिवसही झाले नव्हते, तोंच धन्याच्या घरून कांडणासाठीं बोलावणें आलें. तान्ह्या मुलास झाडाच्या फांदीला झोळी बांधून तिनें त्यांत निजविलें आणि मुसळ हातीं घेतलें. एकदां ती आम्हांस म्हणाली, “मास्तर, अंगठा त्याचा उठला, पण हात माझे गेले.” याहूनही हीन प्रकार धन्यांच्या वाड्यांतून होत. त्यांचें वर्णन गोदावरी परुळेकर यांनीं आपल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत कांहींएक न लपवितां केलें आहे. घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं जाणाऱ्या या मासिकांत आम्ही त्यांचा एवढाच निर्देश करितों. त्या विषयाजवळ गोष्ट आली कीं ती म्हातारी बोलणें थांबवी आणि भाऱ्याची दोरी आवळूं लागे.

आतां कोणी म्हणेल कीं, हा रानांतील अज्ञ लोकांवरील जुलूम झाला. सुधारलेल्या देशांत असें कोठें होतें? म्हणून थोडें दूर जाऊं. ज्या काळांत डहाणूचा वारली लग्नासाठीं अंगठा उठवीत होता, त्याच काळांत विद्या, यंत्रें आणि संस्कृताध्ययन यांसाठीं विख्यात असलेल्या जर्मनींतही लग्नाचें कर्ज सुरू झालें. हिटलर अधिकारावर आल्यास पुरते पांच महिनेही झाले नव्हते, तोंच जून १९३३ मध्यें त्याच्या सरकारनें नवविवाहितांस एक हजार मार्कांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याचा कायदा केला. रक्कम रोख नव्हे, तर घरसामान घेण्याच्या चिठ्ठ्यांच्या रूपानें मिळे. अट अशी कीं, वधूनें आपली नोकरी सोडावी. फेडीची सोय याहून चमत्कारिक: प्रत्येक मुलाच्या जन्मास कर्जाचा चौथा हिस्सा माफ. चार मुलें झालीं कीं कर्ज फिटलें! पुढें १९३८ च्या अखेरीस मातांसाठीं पदकें निघालीं; चार मुलांस कांस्याचें, सहांस रौप्याचें आणि आठांस सुवर्णाचें. इटलींत मुसोलिनीनें १९२७ पासून अविवाहित पुरुषांवर करच बसविला होता.

हें ऐकून एखाद्या वाचकास वाटेल कीं, मातृत्वाचा गौरव करणाऱ्या राज्यास नांवें कां ठेवावींत? त्याचें उत्तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्यांत आहे. जुलै १९३३ मध्यें त्याच सरकारनें ज्यांस आनुवंशिक रोगी ठरविलें जाईल त्यांच्यावर सक्तीनें शस्त्रक्रिया करून त्यांस निःसंतान करण्याचा निर्बंध केला. त्याखालीं सुमारें चार लक्ष स्त्रीपुरुषांवर तसा प्रयोग झाला. एका स्त्रीस पदक आणि दुसरीस सुरी, हीं दोन्हीं एकाच हातांतून. पहिलीस किती मुलें हवीं आहेत हें कोणी विचारलें नाहीं, आणि दुसरीसही विचारलें नाहीं. मातृत्वाचा तो गौरव नव्हता; सैन्यास माणसें आणि राज्यास प्रजा पुरविण्याचा तो मक्ता होता. डहाणूच्या जमीनदारास हात हवे होते, बर्लिनच्या सत्ताधीशास कूस हवी होती. दोघांनींही आंत शिरण्यासाठीं दार निवडलें तें लग्नाचेंच.

याच राजवटींनीं आणखी एका स्त्रीची वाट अडविली, आणि तिचा आमच्या तालुक्याशीं दूरचा संबंध पोंचतो. मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीच्या बालशाळांस मुसोलिनीनें आरंभीं आश्रय दिला. परंतु मुलानें हुकुमाप्रमाणें वागावें कीं स्वतःच्या ओढीनें शिकावें, या प्रश्नावर हुकूमशहाचें आणि या बाईंचें फार काळ जमणें शक्यच नव्हतें. १९३४ सालीं त्यांनीं इटली सोडली. इटलींत आणि जर्मनींत त्यांच्या शाळा बंद पडल्या. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या. त्यांच्या पद्धतीचा आपल्या मातींत संसार थाटणाऱ्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हीं अग्रगण्य. या उभयतांच्या प्रयत्नानें नूतन बाल शिक्षण संघ १९२६ सालींच स्थापन झाला होता. ताराबाई १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डीस आल्या आणि तेथें त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें.

१९४५ हें साल वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण त्याच सालीं याच मुलुखांत दुसरी एक सुशिक्षित महाराष्ट्रीय स्त्री निराळ्या वाटेनें प्रविष्ट झाली. ती म्हणजे उपरिनिर्दिष्ट गोदावरीबाई. माहेरच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री सभासद. त्यांचा राजकीय पक्ष पुष्कळांस पसंत नसेल. त्याची चर्चा हा या लेखाचा विषय नाहीं. त्यांनीं व शामराव परुळेकरांनीं केलेलें काम मात्र कोणासही नाकारतां येणार नाहीं. १९४५ च्या आरंभीं टिटवाळ्यास किसान सभेचें अधिवेशन झालें, तेथें कांहीं वारली येऊन आपली हकीकत सांगून गेले. मे महिन्यांत झरी गांवीं हजारों वारल्यांची सभा भरली, आणि वेठ करावयाची नाहीं, मजुरीवांचून राबावयाचें नाहीं, असा निश्चय झाला. पाड्यापाड्यांतून ही वार्ता पसरली आणि लग्नगडी धन्यांचे वाडे सोडून बाहेर पडूं लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला; त्यांत जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण मृत्यु पावले. परंतु मोडलेलें दास्य पुन्हा सांधलें गेलें नाहीं. आमच्या ओट्यावरील म्हातारी ज्या दिवशीं धन्याच्या गोठ्यांतून बाहेर पडली तो दिवस तिला लग्नाच्या दिवसाहून अधिक चांगला आठवत असे.

ताराबाईंची वाट अगदीं वेगळी होती. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ आल्या. अनुताई तेराव्या वर्षीं विवाहित आणि सहा महिन्यांच्या आंत विधवा झालेल्या; म्हणजे घरानें आणि रूढीनें न विचारतां ठरविलेल्या आयुष्याचा अनुभव त्यांस पुरेपूर होता. शाळा उघडली तरी मुलें येत ना. कां येत नाहींत म्हणून त्या पाड्यांवर गेल्या, तों आढळलें कीं आईबाप मजुरीस जातात, थोरली मुलगी धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन बसते आणि मुलगे ढोरांमागें असतात. तेव्हां शाळाच मुलांकडे न्यावयाची असें ठरलें. पाड्याच्या अंगणांत भरली ती अंगणवाडी, आणि ढोरें चरतात तेथें भरली ती कुरणशाळा. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर हललें. तेथें पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र ठेवण्याचा ‘विकासवाडी’चा प्रयोग झाला. धाकट्या भावंडाची सोय लागल्यावांचून थोरल्या बहिणीच्या हातीं पाटी येणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. अनुताई १९९२ पर्यंत त्या टेकडीवर राहिल्या. त्यांची कांहीं व्याख्यानें ऐकण्याचा योग आम्हांस आला. त्यांच्या बोलण्यांत आज्ञार्थ क्वचित् येई. प्रश्नार्थच पुष्कळ येत.

हे दोन्ही मार्ग, एक झगड्याचा आणि एक सेवेचा, परस्परांहून कितीही भिन्न असले तरी एका ठिकाणीं मिळतात. दोहोंतही प्रथम विचारपूस होती. गोदावरीबाईंनीं वारल्यांच्या झोंपड्यांत राहून त्यांचें ऐकलें, अनुताईंनीं अंगणांत बसून आयांचें ऐकलें. हुकूम मागाहूनही नव्हता. पुढें तीस वर्षांनीं आपल्या स्वतंत्र देशाच्या सरकारानें कुटुंबाच्या उंबरठ्याआंत पाऊल टाकलें, तेव्हां नेमकें हेंच विसरलें गेलें.

२५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी पुकारली गेली आणि ती २१ मार्च १९७७ रोजीं उठली. त्या काळांतील सर्वच गोष्टी वाईट होत्या असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्यें निघाला आणि १९७६ मध्यें त्याचा कायदा झाला. तळासरीच्या वारल्यांनीं जें तीस वर्षांपूर्वीं रक्त सांडून मिळविलें होतें, तें आतां सर्व देशास लागू झालें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि कोसबाडची अंगणवाडी सर्व हिंदुस्थानची झाली. पण वाचा बंद केलेल्या राज्यांत चांगलें आणि वाईट ओळखून वाईटास अडविणारें कोणी उरत नाहीं. दोन्हीं एकाच वेगानें चालतात. एप्रिल १९७६ मध्यें मध्यवर्ती सरकारानें लोकसंख्याविषयक नवें धोरण जाहीर केलें आणि सक्तीचे कायदे करण्याची मुभा राज्यांस दिली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानें त्याच वर्षीं तीन मुलें असलेल्यांवर शस्त्रक्रियेची सक्ती करणारें विधेयक संमतही केलें. असें करणारें हें देशांतील पहिलें राज्य! सुदैवानें राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तो कायदा अमलांत आला नाहीं. तथापि कायद्यावांचूनही काम चाललेंच होतें. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आदल्या वर्षाच्या तिपटीहून अधिक. पुढें शहा आयोगानें या शस्त्रक्रियांशीं निगडित म्हणून १,७७४ मृत्यूंची नोंद केली.

आम्ही त्या वर्षीं शाळेच्या वरच्या इयत्तेंत होतों. आमचे एक शिक्षक, स्वभावानें अत्यंत सालस, अमुक इतकीं माणसें शस्त्रक्रियेस आणलीं नाहींत तर वेतन थांबेल, या धाकानें सायंकाळीं घरोघर हिंडत. त्यांनीं आमच्या आळीतील एका मजुरास नेलें. दोन दिवसांनीं तो थोडे रुपये घेऊन परत आला तेव्हां त्याच्या बायकोस प्रथम ही गोष्ट कळली. तिचीं दोन मुलें तान्हेपणींच गेलीं होतीं. एकच काय ती मुलगी हयात होती. ती आरडाओरड न करितां दारांत बसली आणि तिनें एवढेंच विचारलें, “मला कां नाहीं सांगितलं?” तिच्या नवऱ्यापाशीं, आमच्या गुरुजींपाशीं किंवा त्यांच्या वरिष्ठांपाशीं या प्रश्नास उत्तर नव्हतें, कारण असा प्रश्न उपस्थित होईल ही कल्पनाच त्या योजनेंत कोठें नव्हती. शस्त्रक्रियेच्या नोंदवहींत नांव एकाचेंच होतें, संतति मात्र दोघांची गेली. लग्नगडी हा एकवचनी शब्द येथें निराळ्या वेषांत पुन्हा आला.

त्या मुक्या काळांत जे आवाज उठले, त्यांत स्त्रियांचे आवाज ठळक होते हें येथें सांगितलें पाहिजे. दुर्गाबाई भागवतांनीं १९७५ च्या डिसेंबरांत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार केला आणि पुढें कारावास पत्करला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या संसारी स्त्रिया तुरुंगांत राहिल्या. १९७७ च्या निवडणुकींत मृणालताई व अहिल्याताई लोकसभेंत निवडून गेल्या, आणि आमच्या डहाणू मतदारसंघानें वारल्यांच्या चळवळींतून वर आलेले लहानू शिडवा कोम यांस दिल्लीस धाडलें.

सक्तीचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र कोणाच्या ध्यानीं लवकर आला नाहीं. आणीबाणींत झालेल्या बहुतेक शस्त्रक्रिया पुरुषांवरील होत्या. तिच्या धसक्यानें पुढें पुरुषांनीं त्या वाटेस जाणेंच सोडिलें, राज्यकर्त्यांनींही त्यांस विचारणें सोडिलें, आणि सर्व भार स्त्रियांवर लोटला गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वयांत आलेल्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती; नवऱ्याची झाली आहे असें प्रमाण हजारांत तीन! पुरुषावरील शस्त्रक्रिया लहान आणि सोपी असूनही हें प्रमाण आहे. म्हणजे पुरुषांवर केलेल्या बळजबरीचें व्याजसुद्धां अखेर बायकांनीं फेडलें.

येथें एक शंका उभी राहते, आणि ती रास्त आहे. राज्यानें कुटुंबाच्या कारभारांत हात घालूंच नये काय? तसें म्हणावें तर १९२९ चा शारदा कायदाही गैर ठरेल. आमच्या मतें येथें दोन खुणा पाहाव्यात. पहिली ही कीं, कायदा कोणाचा हात धरितो. शारदा कायद्यानें लहान मुलीचें लग्न लावूं पाहणाऱ्या बापाचा हात धरिला. त्यायोगें मुलीस वाढण्यास अवकाश मिळाला. १९७६ च्या सक्तीनें दुर्बळाचाच हात धरिला. दुसरी खूण ही कीं, ज्याच्यावर परिणाम व्हावयाचा त्यास विचारलें कीं नाहीं. संमतिवयाच्या प्रश्नासाठीं मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली गेली, तिच्यांत रामेश्वरी नेहरू या सभासद होत्या, आणि तिनें प्रांतोप्रांतीं हिंडून स्त्रियांच्याही साक्षी घेतल्या. मग वृत्तपत्रांत, सभांत, घराघरांत वाद झाला. या दोन खुणांवर घासून पाहिलें म्हणजे सोनें कोणतें आणि पितळ कोणतें तें कळण्यास अडचण पडूं नये.

परंतु हीच कसोटी घराच्या आंतही लावावयास हवी, नाहींतर जमीनदारांस आणि हुकूमशहांस नांवें ठेवण्याचा आपणांस अधिकार काय? यंदा आमच्या पुतणीच्या विवाहाची बोलणीं चालू आहेत. स्थळ सुशिक्षित, सुखवस्तु. बैठकींत वरपित्यांनीं मोठ्या सौजन्यानें सांगितलें कीं, कार्याचा सर्व खर्च आम्ही उचलतों, तुम्हांस तोशीस नको. फक्त मुलीनें लग्नानंतर नोकरीचा आग्रह धरूं नये. आमच्या बंधूंचा चेहरा उजळला, कारण खर्चाच्या चिंतेनें ते त्रासलेले होते. आम्हांस मात्र त्या सौजन्यांत एक हजार मार्कांच्या चिठ्ठ्या दिसल्या. आम्ही म्हटलें, “मुलीस विचारूं या.” ती आंत चहाच्या बशा पुशीत होती. बाहेर येऊन तिनें सर्व ऐकून घेतलें आणि आम्हांकडे वळून म्हणाली, “काका, खर्चच जड होत असेल तर नोंदणी पद्धतीनें लग्न करूं. मला त्यांत कमीपणा वाटत नाहीं. नोकरी सोडायची कीं नाहीं तें मीं आणि त्यांनीं मिळून ठरवायचं आहे ना?” ‘त्यांनीं’ म्हणजे अर्थात् भावी जांवयांनीं; ते गृहस्थ तेथेंच बसले होते, त्यांनीं मान डोलावली. वडील मंडळींचे चेहरे मात्र उतरले. पुढील बैठक अद्याप झालेली नाहीं, आणि ती होईल कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं. बंधु आम्हांवर थोडे रुष्ट आहेत. मुलगी मात्र नित्याप्रमाणें सकाळच्या गाडीनें कामावर जाते.

हें मासिक ज्या घरांत जातें त्या घरांत सक्ती दंडुक्यानें होत नाहीं. ती मायेनें, सोयीनें आणि ‘तुझ्याच भल्यासाठीं’ या शब्दांनीं होते. दुसरें मूल केव्हां, शस्त्रक्रिया कोणाची, नोकरी कोणी सोडावयाची, आजारी सासूजवळ कोणी राहावयाचें, हे प्रश्न पुष्कळदां जिच्याविषयीं आहेत ती चहा करीत असतांना बाहेरच्या खोलींत सुटतात. वाचकांस आमची विनंति इतकीच आहे कीं, असा प्रश्न आपल्या घरीं निघेल त्या दिवशीं तिला बाहेर बोलावून बसावयास पाट द्यावा, आणि तिचें बोलणें पुरें होईपर्यंत आपण बोलूं नये.